आटलेलं पाणी, खर्च झालेला चुना: समुद्री टाकीसाठी एटीओ आणि डोसर निवडताना

प्रवाळांच्या टाकीतून रोज दोन गोष्टी कमी होतात. पहिली म्हणजे पाणी. ते हवेत उडून जातं आणि मीठ टाकीतच राहतं. दुसरी म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट. त्यातून प्रवाळ आपला सांगाडा बांधतात. आटलेलं पाणी भरून देणारं यंत्र म्हणजे एटीओ, अर्थात ऑटो टॉप-ऑफ. खर्च झालेले क्षार मोजूनमापून सोडणारा तो डोसिंग पंप, म्हणजेच डोसर. दुकानात दोन्ही एका दमात सुचवले जातात, पण गरज दोन्हींची सारखी नसते. एटीओ जवळपास प्रत्येक समुद्री टाकीला हवा. डोसर बऱ्याच टाक्यांना लागतच नाही. आणि दोन्हींपैकी काहीही घेताना, ॲप किती छान आहे हे बघण्याआधी दुकानदाराला विचारावं की हे बिघडलं तर टाकीत नक्की काय होईल. माझ्या मते निवडीचा नव्वद टक्के भाग या प्रश्नाच्या उत्तरात उरकतो.

आधी पाण्याचा हिशेब. २०० लिटरची टाकी धरू. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे टाकीत एकूण ७ किलो. दिवसाला ४ लिटर पाणी आटलं आणि तीन दिवस कोणी लक्ष दिलं नाही, तर उरलं १८८ लिटर. मीठ तेवढंच, ७ किलो. खारटपणा ३५ वरून ३७.२ वर गेला. मग चौथ्या दिवशी कुणीतरी घाईघाईने बादलीभर गोडं पाणी ओततं आणि तो पाच मिनिटांत परत खाली येतो. मासे हे एक वेळ सोसतील. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना हा वरखाली झोका सोसत नाही. एटीओ दिवसभरात थोडंथोडं, कधी कपभर तर कधी त्याहून कमी पाणी सोडतो आणि हा झोका मोडून काढतो.

किती पाणी आटेल हे टाकीच्या आकारापेक्षा हवेवर जास्त ठरतं. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की पाणी आटायला तयार नसतं. पुण्यात एप्रिलमध्ये तीच टाकी भराभर खाली जाते. एसी लावलेली खोली कोरडी, तिथेही आटण्याचा वेग वाढतो. पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखा लावला असेल तर तो पाणी उडवूनच थंडावा देतो, म्हणजे एटीओवरचा भार आणखी वाढला. चिलर लावला तर असं होत नाही. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या टाकीतलं पाणी सगळ्यात जास्त थंडीत आटतं, कारण हीटिंग चालू झालं की घरातली हवा कोरडी ठक्क होते. म्हणून कुणा दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, जिथे पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप असतो त्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा, चोवीस तासांनी मापाच्या जगने रेघेपर्यंत पाणी भरा, किती लागलं ते लिहून ठेवा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा.

रेघ त्याच कप्प्यावर का? वरच्या टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली संपमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या, कडेमुळे कायम तेवढीच राहते. आटलेल्या पाण्याची सगळी घट रिटर्नच्या कप्प्यात दिसते. एटीओचा सेन्सरही तिथेच बसतो.

सेन्सरचे प्रकार पुष्कळ आहेत, पण घरगुती टाकीत मुख्यतः तीन भेटतात. सगळ्यात साधा म्हणजे फ्लोट व्हॉल्व्ह, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकचा धाकटा भाऊ. पाणी खाली गेलं की तरंगता गोळा खाली येतो आणि वरच्या डब्यातून पाणी आपसूक वाहू लागतं. वीज नको, पंप नको. पण त्याच्यावर मिठाचा थर बसतो, गोगलगाय चढते आणि तो अडकतो. अडकला उघडा, तर थांबवणारं दुसरं कुणी नसतं. दुसरा फ्लोट स्विच. गोळा तसाच, पण तो फक्त विजेचं बटण दाबतो आणि पंप चालू-बंद होतो. अडकण्याचा रोग त्यालाही आहे. तिसरा ऑप्टिकल. त्याच्या काचेसारख्या टोकात अवरक्त प्रकाश सोडलेला असतो. टोक हवेत असताना प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो. टोक पाण्यात बुडालं की तो बाहेर निसटतो. परत येणारा प्रकाश वाढला म्हणजे पाणी कमी झालं, एवढं साधं गणित. हलणारा भाग नाही, म्हणून गोगलगायीच्या अडकण्याची भीती कमी. पण त्या टोकावर शेवाळ धरलं, हवेचे बुडबुडे चिकटले किंवा वरून थेट प्रकाश पडला तर तोही फसतो. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने ते टोक घासावं. सेन्सर स्किमरच्या (फेस करून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राच्या) बुडबुड्यांपासून लांब लावावा.

सेन्सर कुठलाही असो, एकट्या सेन्सरवर टाकी सोपवू नये. चांगल्या एटीओत तीन आडकाठ्या असतात: रोजच्या पातळीचा सेन्सर, त्याच्या थोडं वर धोक्याचा दुसरा सेन्सर, आणि पंप ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला तर त्याला बंद करणारं घड्याळ. ट्युन्झेचा ऑस्मोलेटर ३१५५ वर्षानुवर्षं टिकून आहे तो याच कारणाने. त्यात नेहमीच्या कामाला ऑप्टिकल सेन्सर, वर राखणीला वेगळ्या जातीचा म्हणजे फ्लोट स्विच, आणि पंप सलग दहा मिनिटं चालला तर यंत्र स्वतः थांबतं. दिसायला अजिबात देखणा नाही. एक्सपी ॲक्वाच्या ड्युएटोत दोन ऑप्टिकल सेन्सर एकाच छोट्या डोक्यात बसवलेले आहेत, त्यामुळे लावायला सोपा. मला मात्र राखण्या वेगळ्या जातीचा असलेला जास्त पटतो. ज्या शेवाळाने पहिला ऑप्टिकल फसेल तेच शेवाळ दोन सेंटिमीटरवरच्या दुसऱ्यालाही फसवू शकतं.

चौथी आडकाठी फुकट आहे आणि तीच सगळ्यात भक्कम: साठ्याचा डबा किती मोठा ठेवायचा. समजा सगळे सेन्सर फसले आणि डबा पूर्ण रिकामा झाला. २०० लिटरच्या टाकीत २० लिटर गोडं पाणी गेलं तर खारटपणा ३५ वरून ३१.८ वर येतो. १० लिटर गेलं तर ३३.३. दुसरा अपघात निभावून जाईल, पहिल्याला प्रवाळ जातील आणि बहुधा संपही उतू जाईल. म्हणून दोन-तीन दिवस पुरेल एवढाच डबा रोजच्या वापराला. आरओची नळी थेट संपला जोडून ‘डबाच नको’ म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे साठा म्हणजे अख्खी गच्चीवरची टाकी असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

डब्याला झाकण हवंच. स्वच्छ साचलेलं पाणी हे डेंग्यूच्या डासांचं आवडतं ठिकाण, आणि तुमच्या घरात त्याच्याइतकं स्वच्छ साचलेलं पाणी दुसरं नसेल.

नळीचं टोक कधीही पाण्यात बुडवू नका. डब्यातली पातळी संपपेक्षा वर असेल आणि टोक बुडालेलं असेल, तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. यंत्र म्हणतं बंद आहे, पाणी चालूच. टोक पातळीच्या चांगलं वर क्लिपने धरून ठेवायचं आणि शक्यतो डबा संपच्या खालच्या पातळीला ठेवायचा.

आता वीज जाते तेव्हाचं बघू. रिटर्न पंप थांबला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं. पातळी चढलेली, एटीओ गप्प. ठीक. वीज आली की रिटर्न पंप पाणी वर ओढतो, संपची पातळी थोडा वेळ नेहमीपेक्षा खाली जाते आणि उतावळा एटीओ लगेच पाणी सोडू लागतो. दिवसात चार वेळा वीज गेली तर चार वेळा जादा पाणी. म्हणून पातळी खाली गेल्यावर थोडं थांबून मगच पंप सुरू करणारा एटीओ घ्या. याहून वाईट प्रकार म्हणजे ओव्हरफ्लोच्या जाळीत शेवाळाचा गोळा अडकणं. वरची टाकी भरत जाते, संप रिकामा होत जातो, एटीओला वाटतं पाणी आटलंय, आणि तो इमानेइतबारे गोडं पाणी ओतत राहतो. शेवटी फरशीवर खारट पाणी आणि टाकीत गोडसर पाणी. स्किमर उतू गेला तरी हेच: गेलं खारं पाणी, भरलं गोडं. एटीओला फक्त पातळी कळते, पाण्याची चव कळत नाही. त्यामुळे एटीओ असला तरी खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दर आठवड्याला हातात घ्यायचाच.

पाणी कुठलं भरायचं? आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढून टाकलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्याच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या आरओचं चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं. पाणी आटतं तेव्हा हे सगळं टाकीतच राहतं आणि रोज साचत जातं. सोसायटीत बोअरवेलचा टँकर येत असेल तर विचारायलाच नको.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही समुद्री टाकीला लागू आहे, नुसते क्लाउनफिश असले तरी. डोसरकडे वळण्याआधी भारतातल्या वाचकांसाठी कायदा सांगायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. वाघाला जे संरक्षण आहे ते यांनाही. दुकानात हळूच ‘अक्रोपोरा मिळेल’ (हाही कठीण प्रवाळच) म्हणून सांगितलं तर घेऊ नका, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणायचा तर प्रश्नच नाही. आणि डोसरचं खरं गिऱ्हाईक हेच कठीण प्रवाळ असतात. मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ कॅल्शियम फारच कमी ओढतात. त्यामुळे इथल्या बहुतेक टाक्यांना नियमित पाणी बदलणं पुरतं. पुढचा हिशेब मुख्यतः मामेभावासारख्यांसाठी, जिथे टाक्यांत वाढवलेले प्रवाळांचे तुकडे रीतसर दुकानात मिळतात.

प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) ठरावीक प्रमाणातच खर्च होतात: अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम २० पीपीएमने (दहा लाखांत वीस भागांनी) उतरतं. टाकीत साधारण ८ डीकेएच आणि ४२० पीपीएम कॅल्शियम असतं. म्हणजे त्याच खर्चाने अल्कलिनिटी एक तृतीयांशाहून जास्त घसरली, आणि कॅल्शियम पाच टक्केही नाही. म्हणूनच अनुभवी लोक रोज अल्कलिनिटी तपासतात आणि कॅल्शियमकडे आठवड्याने बघतात. मॅग्नेशियम तर महिन्याने बघितलं तरी चालतं.

डोसर घ्यायचा की नाही, हे याच चाचणीवर ठरवा. काहीही न घालता चार-पाच दिवस एकाच वेळी, एकाच किटने अल्कलिनिटी मोजा. दिवसाला ०.१-०.२ उतरत असेल तर हातानेच चमचाभर द्रावण घालणं सोपं. मामेभावाच्या २०० लिटरच्या टाकीत ती दिवसाला ०.७ उतरते. आठवड्याला ४.९. इथे ‘पाणी बदलून भागवू’ चालत नाही, कारण आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर पडलेल्या खड्ड्याचा दहावा भागच भरतो. रोजचे ०.७ भरायला लागतो ४.२ ग्रॅम खायचा सोडा, किंवा २.६५ ग्रॅम धुण्याचा सोडा, अर्थात शुद्ध, वासाची पावडर मिसळलेला नव्हे. जोडीला कॅल्शियम क्लोराइड, त्याच्या दुजल (डायहायड्रेट) रूपात सुमारे ३.७ ग्रॅम. एवढंसं काम. यासाठी ब्रँडेड बाटल्या विकत घेणं हे मला पैसे उडवणं वाटतं, पण मोजमापाचा कंटाळा असेल तर त्यांचा फायदा आहे.

खायचा सोडा की धुण्याचा? खोली बंद असेल, माणसं आणि एसी दोन्ही आत असतील, तर हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच खाली राहतो. तिथे धुण्याचा सोडा बरा, तो पीएच वर नेतो. पीएच आधीच चढा असेल तर खायचा.

डोसरचा पंप पेरिस्टाल्टिक असतो. डायलिसिसच्या यंत्रात रक्त याच जातीच्या पंपाने फिरतं. रबरी नळीवरून रोलर फिरतात, नळी दाबत पुढे सरकतात आणि द्रव ढकलला जातो; द्रवाला पंपाचा भाग कुठे लागत नाही. नळी रोज त्याच जागी दाबली जाऊन चपटी पडते आणि हळूहळू कमी द्रव देऊ लागते. ॲपवर ५२ मिली दिसतं, प्रत्यक्षात ४५ पडतात. यावर उपाय औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज. नळीचं टोक सिरिंजमध्ये सोडा, पंपाला १० मिलीचा हुकूम द्या, किती आलं ते बघा आणि कॅलिब्रेशन दुरुस्त करा. महिन्यातून एकदा. सहा महिने ते वर्षभरात नळी बदला.

मोटर दोन तऱ्हेची. स्वस्त डोसरमध्ये साधी डीसी मोटर असते. ती अमुक सेकंद चालली म्हणजे अमुक मिली, असा तिचा हिशेब असतो. स्टेपर मोटर पावलं मोजत फिरते, म्हणून अर्धा-एक मिलीचे बारीक डोसही नेमके पडतात. लिटरला ८० ग्रॅम खायच्या सोड्याचं द्रावण केलं तर वरच्या टाकीला दिवसाला सुमारे ५२ मिली लागतात. ते चोवीस हप्त्यांत वाटले तर प्रत्येक हप्ता २ मिलीच्या थोडा वर. एवढ्याला बरा डीसी पंपही पुरतो. टाकी छोटी किंवा द्रावण दाट असेल तर स्टेपरवर पैसे घाला. दोन डोक्यांचा, म्हणजे दोन पंपांचा, घ्यायचा की चार? दोन. उरलेल्या दोन डोक्यांत काहीतरी भरण्याचा मोह होतो आणि टाकीत न लागणारी द्रावणं जाऊ लागतात.

मागे सांगितलेला साठ्याचा नियम डोसरला दुप्पट लागू होतो. एक लिटर ते सोड्याचं द्रावण बिघाडाने एकदम गेलं, तर २०० लिटरच्या टाकीची अल्कलिनिटी १३ डीकेएचने उसळते. टाकी संपली. आठवड्यापुरतंच, ४०० मिली ठेवलं असेल तर उसळी ५ च्या घरात. तीही वाईटच, पण त्यातून प्रवाळ वाचू शकतात. त्यामुळे पाच लिटरचे देखणे ॲक्रिलिकचे डबे बघून भुलू नका. अल्कलिनिटीची आणि कॅल्शियमची नळी एकमेकांपासून लांब, पाण्याचा जोर असेल तिथे सोडा, आणि दोन्हींच्या वेळांत अर्ध्या तासाचं तरी अंतर ठेवा. जवळ पडली तर पांढरा ढग उठतो. तो म्हणजे तुमचंच कॅल्शियम कार्बोनेट, प्रवाळाऐवजी पंपावर आणि हीटरवर बसायला निघालेलं.

वायफायवाले डोसर सोयीचे खरे, पण वेळापत्रक यंत्रात साठतं की कंपनीच्या सर्व्हरवर, हे विचारून घ्या. वीज गेली, राउटर बंद पडला, तरी डोस ठरल्या वेळी पडला पाहिजे. स्वस्त यंत्रांत वीज गेल्यावर घड्याळ शून्यावर जातं का, हे प्लग काढून दुकानातच बघा. अल्कलिनिटी स्वतः तपासून त्यावरून डोसरचा डोस बदलायला लावणारी यंत्रंही मिळतात, उदाहरणार्थ नेपच्यूनचं ट्रायडंट. आलेख बघायला मजा येते. पण त्याच्या चाचणीवर डोसरला आपोआप वाढवायची मुभा देताना वरची मर्यादा घालून ठेवावी, नाहीतर एक चुकीचं वाचन आणि रात्रभर सोडा.

डोसर टाळून, एटीओच्या डब्यातच चुन्याची निवळी ठेवण्याची जुनी युक्ती आहे. निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकाच वेळी, नेमक्या हव्या त्या प्रमाणात देते, आणि मागे मीठ ठेवत नाही. (सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या जोडीतून मीठ उरतं, वरच्या टाकीत महिन्याला ८५-९० ग्रॅम. पाणी बदललं की ते निघून जातं.) पानाचा चुना वापरू नका, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. मात्र पूर्ण तीव्रतेची निवळी रोज ४ लिटर गेली तर २०० लिटरच्या टाकीत २.३ डीकेएच जातात, गरजेच्या तिपटीहून जास्त. मामेभावाला दिवसाला दोन ग्रॅमपेक्षाही कमी चुना पुरेल. शिवाय डोस पाणी आटण्याला बांधला गेला. थंडीत हीटिंग चालू झालं की डोस वाढतो, दमट दिवसांत घटतो, आणि प्रवाळांची भूक मात्र तेवढीच. त्यात निवळीचा पीएच १२ च्या वर. एटीओ अडकला तर आता नुसतं गोडं पाणी जात नाही. ही युक्ती वापरायची तर आडकाठ्या पूर्ण असलेल्या एटीओवरच. डबा घट्ट झाकलेला हवा, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होऊन तिचा जोर जातो.

गावाला जायचं म्हणून आदल्या आठवड्यात एटीओ किंवा डोसर बसवणारे बरेच असतात. नवं यंत्र घरात माणसं असताना निदान पंधरा दिवस चालवून बघा. प्लग काढून वीज घालवा, सेन्सर हाताने वर उचलून पंप किती वेळाने थांबतो ते घड्याळावर मोजा, डबा रिकामा होऊ द्या आणि पंप कोरडा चालत राहतो का ते ऐका. जाताना शेजाऱ्यांना किल्ली दिलीत तर बाटल्यांवर तारखा लिहून रोजचं पाणी वेगळं भरून ठेवा, आणि माशांचं खाणं मात्र कपाटात कुलूप लावून.